तळची ओळ

नंबर लागेपर्यंत बसलाच आहात, तर मोबाइल जरा खाली ठेवा आणि उघड्या दारातून इकडे आत बघा. मी बोलतोय. डॉक्टर धम्मपाल साळव्यांच्या खुर्चीसमोर, वजनकाट्याच्या वर टांगलेला तक्ता. शोभेचा नाही हं. फुप्फुसं थकलेल्या माणसाला कोणतं औषध कधी द्यायचं आणि कधी द्यायचं नाही, हे सगळं माझ्या अंगावर छापलेलं आहे. मोठमोठ्या तज्ज्ञांनी महिनोन्महिने वाद घालून त्यातला एकेक शब्द ठरवलाय. त्यामुळे मला थोडा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म ठाकूरद्वारच्या एका छापखान्यातला. माझ्याबरोबर माझे चारशे भाऊ निघाले. अंगावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं आणि आमची वरात दादरच्या एका हॉलमध्ये गेली. तिथे डॉक्टरांची सभा होती. भाषण लांबलं, शेजारच्या खोलीतून जेवणाचा वास यायला लागला, आणि ऐकणाऱ्यांच्या माना हळूहळू तिकडे वळल्या. निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक गुंडाळी दिली. माझे कितीतरी भाऊ अजून गाडीच्या मागच्या सीटवर पडून असतील. साळवे डॉक्टरांनी मला काखेत मारलं, बसने लालबागला आणलं आणि कंपाउंडर शिवाच्या हवाली केलं.

शिवा सत्तावीस वर्षं या दवाखान्यात पुड्या बांधतोय. त्याच्याशिवाय इथलं पान हलत नाही. त्याने खिळा शोधला, मला टांगलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच खिळ्यावर, थेट माझ्या तोंडावर, कॅलेंडर लावलं.

"लोकांना संकष्टी बघायची असते, साहेब," तो म्हणाला. साहेबांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

झालं, अकरा महिने मी अंधारात. कान मात्र उघडे होते. आधी खोकला ऐकू यायचा आणि मग ठरलेलं बोलणं. "डॉक्टर, सुई मारा ना, पटकन बरं वाटतं." "पंप नको हां, त्याची सवय लागते." डॉक्टर दोन मिनिटं समजावायचे, बाहेर वीस माणसं खोळंबलेली, शेवटी सुई मारून मोकळे व्हायचे. उत्तर माझ्या पोटावर लिहिलेलं होतं आणि मी कॅलेंडरमागे चरफडत होतो.

जानेवारीत जुनं कॅलेंडर उतरलं. नवं यायचं होतं. दुपारी डॉक्टर डबा उघडून बसले तर समोर मी. घास हातात धरूनच ते मला वाचायला लागले. त्यांचे वडील गिरणीत होते, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे, आणि याच आजाराने गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं होऊन झोपता आलं नाही, बसूनच रात्र काढायचे. हे डॉक्टरांनी त्या दुपारी शिवाला सांगितलं.

"त्यांना कोणी असं नीट, पायरी-पायरीने औषध दिलंच नाही रे," ते म्हणाले आणि डबा तसाच बंद केला. "कॅलेंडर दाराजवळ लाव. हा इथे राहू दे."

त्या दिवशी मला भरून आलं. वाचणारा मिळाला की तक्त्याचा जन्म सार्थकी लागतो.

पहिला पेशंट ठरला राजाराम. वय एकाहत्तर, राहणार समोरच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. गिरणीच्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात बावीस वर्षं कापसाची धूळ छातीत भरलेली, त्यावर बिडीचा धूर. डॉक्टरांनी माझ्यावरचं एकेक पाऊल टाकलं. फुप्फुसांची ताकद मोजायला नळीत फुंकायच्या तपासणीला पाठवलं, बिडी सोडवली, लस दिली. उठसूट सुई बंद केली. पंपाची कॅप्सूल सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक. मी वरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता बघाच.

बघायला मिळालं ते भलतंच. महिन्यानंतर राजारामचा दम तेवढाच. डॉक्टरांनी माझ्यावरचा पुढचा बाण धरला, जास्त ताकदीची कॅप्सूल दिली. उपयोग शून्य. सहाव्या महिन्यात त्याला खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून जिन्यावरून खाली आणलं. बरोबर बायको बकुळा आणि मुलगा हितेंद्र.

"डॉक्टर, खरं सांगा," हितेंद्र म्हणाला. "मी बाबांना कायमचं गावी नेतो. कुडाळला घर आहे, खाली अंगण आहे. इथे तीन माळे कोण उचलणार रोज? पुढच्या रविवारचं तिकीट काढलंय."

राजारामला दोन शब्दांमागे एकदा थांबावं लागत होतं. तरी तो बोललाच. "थय माका... कोण वळाखता? माझी माणसा... हय असत."

खरं होतं ते. पन्नास वर्षांचे मित्र रोज संध्याकाळी चाळीखालच्या कट्ट्यावर बसत आणि हा वरून गॅलरीतून त्यांना बघत बसे. गावी गेला असता तर तेही गेलं असतं.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला कधी नव्हे ती लाज वाटली. सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे चाललं होतं, मग माणूस का खचत होता? डॉक्टर उठून जवळ आले आणि वरपासून एकेक चौकट बोटाने वाचत खाली उतरले. माझ्या अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे. तिच्याकडे मीसुद्धा कधी लक्ष दिलं नव्हतं. माझी सगळी ऐट वरच्या रंगीत बाणांची. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. 'प्रत्येक भेटीत रुग्णाला औषध आपल्यासमोर घ्यायला सांगा.'

"काका, सकाळची कॅप्सूल झाली?"

"नाय. जेवल्यार घेतंय."

"आज इथेच घ्या. माझ्यासमोर."

राजारामने खिशातून पुडी काढली. कॅप्सूल तळहातावर घेतली आणि शिवाकडे बघितलं. शिवाने सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. राजारामने कॅप्सूल जिभेवर ठेवली, घोट घेतला आणि गिळून टाकली.

छातीत ओढायची पूड सहा महिने पोटात जात होती.

"काकी, मशीन कुठेय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "ते छोटं, कॅप्सूल घालून ओढायचं?"

"कपाटात ठेवलंय, डब्यात घालून," बकुळा म्हणाली. "अगदीच जीवार इला तर काढूचा म्हणान. पण गोळये टायमार घेतत हां ते. एक दिवस चुकवूक नाय."

शिवाने ग्लास खाली ठेवला आणि ती पुडी हातात घेऊन बघितली. सत्तावीस वर्षांच्या सवयीने त्यानेच त्या कॅप्सूल बाकीच्या गोळ्यांबरोबर पुडीत बांधल्या होत्या आणि वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, जेवणानंतर. "साहेब, मी..."

"तू नाही रे. मी एकदा तरी बघायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. खरं तर मीही बोलायला हवं होतं, मोठ्या अक्षरात.

बकुळा लगबगीने घरी जाऊन मशीन घेऊन आली. बाहेरची माणसं कुरकुरत होती, तरी डॉक्टरांनी पाऊण तास दिला. आधी श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, जोरात ओढा, दहापर्यंत धरा, मग चूळ भरा. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा अर्धं जमलं. तिसऱ्यांदा मशीनमधली कॅप्सूल गरगरल्याचा आवाज आला आणि राजाराम दचकून हसला.

"हितेंद्र, दोन महिने दे मला," डॉक्टर म्हणाले. हितेंद्रने तिथेच मोबाइल काढून तिकीट रद्द केलं.

फुप्फुसं काही नवी झाली नाहीत, ती होतही नसतात. पण नवव्या आठवड्यात राजाराम स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला. "तीन माळे उतरलंय, दोनदा थांबलंय," त्याने सांगितलं. परत जायची त्याला घाई होती, कारण कट्ट्यावर पत्त्यांचा डाव मांडून मंडळी थांबली होती.

आज माझं रूप जरा बिघडलंय. तळची ती ओळ डॉक्टरांनी जाड मार्करने माझ्या कपाळावर लिहिली आहे, रंगीत बाणांच्या अगदी मधोमध. पुसट झाली की शिवा न सांगता ती पुन्हा गिरवतो. आता इथून पंपाची कॅप्सूल पुडीत जात नाही, आणि प्रत्येक पेशंटला मशीन घेऊनच यावं लागतं.

पुढच्या वर्षी सुधारलेला तक्ता येईल. औषधं बदलतील, बाण बदलतील, मला उतरवतील. खुशाल उतरवा. मी चुकीचा नव्हतो, एवढं मी आजही छातीठोक सांगेन. पण तुम्ही डॉक्टर असा, मुलगा असा की बायको, एवढं करा. औषध दिलंत की जागचे हलू नका, समोरचा ते कसं घेतो ते डोळ्यांनी बघा. राजारामने सहा महिने एकही दिवस चुकवला नव्हता, आणि आम्ही सगळे त्याच्या समोरच होतो.