झाडाला लग्नाचा कोट

पालिकेचे साहेब, बोरिवलीच्या गावठाणातल्या कार्मेनची रात्र तुम्ही चोरलीत! रस्त्यासाठी आणलेला झगझगीत दिवा थेट तिच्या ओट्यावर रोखलात. नाताळात गावच्या क्रुसापाशी दरवर्षी तिच्याच ओट्यावरची पॉइन्सेटियाची कुंडी असते, पण त्या झाडाची पानं लाल व्हायला रोज लांबलचक अंधार लागतो. नोव्हेंबर आला तरी झाड आपलं हिरवंच.

मग तिने सांजेला झाडावर नवऱ्याचा काळा कोट घातला.

“अगं, माझा लग्नाचा कोट!” इसिडोर ओरडला.

“तुझ्या पोटावर बसतो का आता? मग गप रे!”

रोज रात्री कोट, दिवसा ऊन. नाताळ तोंडावर आला तेव्हा एका सकाळी कोट उचलला, तर शेंड्याची पानं लालभडक! इसिडोरने स्वतः कुंडी क्रुसाकडे नेली.

कोट पुढच्या वर्षीही कपाटातून निघेल. पण साहेब, दिवा कधी वळवता? बोला!