दाराचं अस्तर

स्क्रूचा माथा झिजून गुळगुळीत झाला होता. पेचकस त्याच्यावरून घसरला आणि रुपचंदच्या अंगठ्यात शिरला. शिवी ओठांवर आली — आणि त्यानं ती गिळली. शेठच्या विमानात बसून शेठला शिवी कशी घालायची?

जळगावच्या धावपट्टीकडेच्या शेडमध्ये ते छोटं विमान उभं होतं. धुळ्यात जीप-ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या रुपचंदला शेठनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं — आतली पॅनलं जुनाट झालीत, सगळी उतरव, नवं रेक्झीन चढव. दाराचं पॅनल सुटून हातात आलं आणि तो बघतच राहिला. चहाचे वाळलेले ओघळ, डोकं टेकायच्या जागी तेलाचा काळपट चट्टा, आणि खाली, अगदी खाली, कुत्र्याच्या नखांचे ओरखडे, एकावर एक... म्हणजे कुत्रं बसलं होतं. कुत्रं चाललं!

काही वर्षांपूर्वी शेठच्याच धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये धाकट्या भावाचा, हिलालचा, उजवा हात यंत्रात गेला. डॉक्टर म्हणाले, लगेच मुंबईला पोचला तर हात वाचेल — आणि हेच विमान इथंच उभं होतं, इथंच. रुपचंद हात जोडून समोर, आणि शेठ अगदी मऊ आवाजात, "रक्तानं आतलं सगळं खराब होईल रे. जीप घेऊन जा." नाशिक येईतो हात काळानिळा पडला, कापावाच लागला... शुद्धीवर आलेल्या हिलालला रुपचंदनं सांगितलं, विमान बिघडलं होतं. पुढे शेठनं हिलालला फाटकावर राखणीला बसवलं, आणि हिलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला की शेठ म्हणजे देवमाणूस. ते ऐकलं की रुपचंदच्या छातीत निखारा फुलायचा, अन् तो खाली मान घालून शिवत राहायचा.

दुपारी हिलाल डबा घेऊन आला. दारातून डोकावला.

"आतमा बसू का, भाऊ?"

"बस."

तो बसला. नव्या रेक्झीनवरून डावा हात फिरवत म्हणाला, "बठ्ठं नवं करी टाकं तू! शेठ खूश व्हई जाई."

आणि रुपचंदच्या तोंडून ते सुटलंच — "बिघडलं नव्हतं विमान त्या दिवशी. तुझ्या रक्तानं खराब होईल म्हणाला तो, तुझा देवमाणूस!"

हिलालचा हात थांबला नाही.

"माले माहीत शे, भाऊ."

"कधीपासून?"

"दवाखानामाच जीपना ड्रायव्हरनी सांगं." मग बाहेर बघत, "पोरं लहान व्हतात. मी काय करतू?"

रुपचंदला वाटलं, ह्याच्या कानशिलात वाजवावी. मग वाटलं, शेठच्या. पण हात कुणावरच उठेना... इतकी वर्षं आपण एकटेच जळतोय असं धरून बसलेलो, आणि हा, फाटकावर बसून, रोज सलाम ठोकत, हसत... राग गेला नव्हता, उलट वाढलाच होता. फक्त आता तो आपला एकट्याचा उरला नव्हता, आणि दुसऱ्याच्या रागाशेजारी कसं बसायचं असतं, हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं.