शेवटच्या रांगेपर्यंतची वायर

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम वस्तीच्या सभागृहातल्या कपाटात, एका मोडक्या पंख्याच्या शेजारी. पंखा काही बोलत नाही, म्हणून म्हटलं तुमच्याशीच चार शब्द बोलावेत.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काही वेगळाच होता. चकचकीत जाळी आणि मागे सभागृहाच्या टोकापर्यंत पुरेल एवढी लांब वायर. पण पहिल्याच सभेत अध्यक्षांचा पाय त्या वायरीत अडकला आणि सगळ्यांदेखत ते तोंडावर आपटता आपटता वाचले. शिपाईकाकांनी लगेच वायर गुंडाळली, वर चिकटपट्टी मारली आणि वेटोळं व्यासपीठाखाली सरकवून दिलं. तेव्हापासून मी जेमतेम तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचो.

आमच्या सभेची एक रीत होती. माइकवर जे बोललं जाईल तेवढंच धरायचं. वरच्या गल्लीतली मंडळी वेळेआधी येऊन पुढे बसायची. खालच्या गल्लीतली माणसं कामावरून परस्पर यायची, ती मागे उभी राहायची. अध्यक्ष विचारायचे, "पाण्याची वेळ सगळ्यांना सोयीची आहे ना?" पुढून "हो" यायचं. मागे कुजबुज व्हायची, पण ती कुणी लिहून घेत नसे. वर "आवाज कसा खणखणीत आहे" म्हणून लोक माझं कौतुक करायचे आणि मीही फुशारून जायचो.

वरच्या गल्लीला पाणी सकाळी, खालच्या गल्लीला भरदुपारी. त्या वेळी खालच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मावशी दुकानात आणि त्यांचा नवरा गोदामात. मग त्यांची मुलगी मधल्या सुट्टीतच शाळेतून निघायची आणि घरी पाणी भरत बसायची. गणित तिच्या फार आवडीचं, आणि गणिताचा तास नेमका दुपारचा. शेवटी शाळेने सांगितलं, असंच चाललं तर यंदा परीक्षेला बसता येणार नाही.

त्या महिन्याच्या सभेत मावशी मागून बोलू लागल्या.

"माइकवर बोला," अध्यक्ष म्हणाले.

"माइक इकडं पोचत नाही."

"मग तुम्ही पुढे या."

मावशी पुढे आल्या आणि बोलायचं सोडून खाली वाकल्या. दिवसभर इस्त्रीच्या वायरीशी झटापट करणारी बाई ती, वेटोळं तिच्या नजरेतून थोडंच सुटणार?

"एवढी वायर आहे की हो," असं म्हणत त्या नखाने चिकटपट्टी सोलू लागल्या. शिपाईकाका नुसते "अहो, अहो" करत राहिले. "पुढं येऊन मी एकटीच बोलेन. मागच्यांचं काय?"

खुर्च्यांमधून वाट काढत त्यांनी मला शेवटपर्यंत नेलं. तिथे इतकी माणसं उभी असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"माझी पोरगी दुपारी पाणी भरते, म्हणून तिची शाळा बुडते," मावशी म्हणाल्या. "आम्हालाही सकाळी पाणी द्या." आणि त्यांनी मला शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. मी हातोहात फिरत राहिलो.

पुढच्या रांगेतले औषधवाले कुरकुरले, "म्हणजे आमचं सकाळचं पाणी तोडायचं?"

"तोडायचं कशाला?" मावशी म्हणाल्या. "निम्मा वेळ तुम्हाला, निम्मा आम्हाला."

मग अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. औषधवाल्यांचा हात सगळ्यांच्या शेवटी वर गेला, पण गेला. मावशींची मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसली.

पुढे माझा आवाज खरखरू लागला आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझ्या जागी नवा माइक आलाय. त्याला वायरच नाही, वाटेल तिथे जाऊ शकतो. पण कपाटाच्या फटीतून मी बघतो, तर सभाभर तो अध्यक्षांच्या टेबलावरच बसलेला असतो. आणि मागून ती जुनी कुजबुज पुन्हा ऐकू येते.

मित्रांनो, मला पुसून नीट ठेवा, असं मी म्हणत नाही. मोठे व्हाल, सभेला जाल, तेव्हा पुढची खुर्ची मिळाली तरी एकदा मान वळवून मागे बघा. तिथे कुणी बोलायला उभं असेल, तर उठा आणि माइक त्यांच्या हातात नेऊन द्या. तो आपला आपण जात नाही.