उपरण्यात बांधलेली माती

मानोऱ्याच्या अलीकडे, नाल्याकाठी, इंद्रभानचं पाच एकर काळं वावर होतं. त्याने गहू पेरला की दुसऱ्या दिवशी आजूबाजूचे सगळे तिफणी जुंपायचे. इंद्रभान घाईचा माणूस नव्हता. पेरणीआधी आठ दिवस तो रोज सकाळी वावरात जायचा, बोटांनी माती उकरायचा, मूठभर दाबून गोळा करायचा आणि मग आभाळाकडे पाहत बराच वेळ उभा राहायचा. लोकांना वाटायचं, याला आभाळातलं काही कळतं. खरं तर तो घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचा, आणि पंचफुला भाकरी थापता थापता म्हणायची, "आज नोका," नाहीतर, "उद्या जुंपा." बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांनीही बाहेर कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

छप्पन साली भाऊबीजेला पंचफुला कामरगावला भावाकडे गेली ती तिथेच अडकली. भावजय बाळंत झाली होती. इकडे पेरणीचे दिवस आले. त्या वर्षी मूग काढल्यावर पावसाने इतका मुक्काम केला की खुंटं काढून जमीन मोकळी करायला वखर वावरात घालताच आला नाही. मुगाची खुंटं तशीच उभी राहिली. मग एकदम ऊन पडलं, वरची माती कडक झाली आणि ओल दिवसागणिक खाली जाऊ लागली. आता वखरावं तर आहे ती ओल उडून जाणार. न वखरता खुंटांतच तिफण घालावी तर तसं कोणी कधी केलं नव्हतं. शिवाय जमिनीत ऊब असताना गहू टाकला की उधळी, म्हणजे वाळवी, लागते, आणि थंडीची वाट पाहावी तर ओल थांबत नाही.

तांड्यावरचा रतनसिंग शेजारच्या वावरातून रोज विचारायचा, "इंद्रभानभाऊ, कवा?"

"पाहू," इंद्रभान म्हणायचा.

पाचव्या दिवशी तो रतनसिंगला म्हणाला, "घरच्या मानसाले घेऊन येतो."

"मंग वहिनी आल्यावरच पेरसान वाटते," रतनसिंग सहज बोलून गेला. इंद्रभान मात्र कानापर्यंत लाल झाला.

कारंज्यापर्यंत मोटारीने आणि पुढे एका ओळखीच्या बंडीने तो दुपारी कामरगावला पोचला. साळा जगदेव ओसरीवरच होता. त्याने पाणी दिलं आणि इंद्रभानच्या काखेतलं जड उपरणं हक्काने ओढून घेतलं.

"भाऊजी, आमच्या पोरासाठी काय आनलं?"

"ते राहू दे," इंद्रभान म्हणाला. पण तोवर गाठ सुटली होती. आत मातीचं ढेकूळ होतं, नारळाएवढं. जगदेवने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"कामरगावात माती नाई, असं कोनं सांगतलं तुमाले?"

आतल्या खोलीतून पंचफुला आली. तिने ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं. त्याचा भुगा झाला.

"हे तर वाळलं."

"मोटारीत ऊन होतं," इंद्रभान म्हणाला.

"मंग म्या मोटारीत गहू पेरा म्हनू का?"

जगदेव हसत उठला आणि चहाचं सांगायला आत गेला. पंचफुला नवऱ्यासमोर जोत्यावर बसली.

"सकाळी वावरात अनवानी गेलते?"

"गेलतो."

"पाय गार पडले?"

"परवापासून पडून राह्यले."

"वल किती बोटांवर हाय?"

"परवा तीन बोटांवर होती. आज साडेतीन."

"अन् राती अंगावर काय घेता?"

"घोंगडी काढली."

"कोनं काढून देल्ली?"

"म्याच काढली."

"बरं झालं. तेवढं तरी आपल्या मनानं केलं."

इंद्रभानने उपरणं झटकलं. "तू सांग न, कवा पेरू? वखरलं तर वल जाते. न वखरता तिफन घातली तर लोक हासतीन."

"लोक तुमाले पाहून पेरतात. मंग हासन कोन?" मग जरा मऊ आवाजात ती म्हणाली, "वखर घालू नोका. अन् पाच दिस थांबा, थंडी बसू द्या. मी येते, चाडं मीच धरते, बी मीच सोडते."

तो रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतला. त्याच्या पुढच्या सकाळी वावरात गेला तर कोरडा वारा सुटला होता. त्याने उकरलं. ओल साडेचार बोटांवर गेली होती. तीन दिवसांनी तिफणीचे दात तिथवर पोचले नसते. तो आभाळाकडे पाहत उभा राहिला, पण या वेळी घरी जाऊन सांगायला कोणी नव्हतं. थोड्या वेळाने तो घरी गेला आणि त्याने तिफणीसाठी बैल सोडले.

चाड्यावर बी सोडायला शेजारच्या मनकर्णाबाईला बोलावलं. तिचा हात चांगला होता. बांधावर येऊन तिने खुंटं पाहिली.

"वखर नाई?"

"नाई."

"पंचफुलानं सांगतलं का?"

इंद्रभानच्या हातातला कासरा सैल पडला. "तुले कोनं सांगतलं?"

"बाया पान्यावर जातात, भाऊ. आमाले दहा वर्षांपासून ठाऊक हाय."

"वखराचं तिचं हाय," इंद्रभान कासरा पुन्हा आवळत म्हणाला. "आजचा दिस माहा हाय."

जमीन कडक होती, म्हणून त्याने तिफणीवर दगड बांधला. दर चार पावलांवर मुगाची खुंटं दातांत अडकायची; तो वाकून हाताने काढायचा, पुन्हा बैल हाकायचा. बांधावर पाचसात माणसं जमली. कोणी हसलं नाही. सगळे बुचकळ्यात पडले होते. दुसऱ्या दिवशी रतनसिंगनेही तिफण तशीच खुंटांत घातली. दोघातिघांनी मात्र आधी वखरून घेतलं.

पंचफुला ठरल्या दिवशी आली. इंद्रभान गोठ्याशी उभा होता.

"पेरलं?"

"पेरलं. वारा सुटला."

ती गाठोडं घेऊन सरळ आत गेली. त्याला वाटलं, रुसली. मग आतून आवाज आला, "ठीक हाय. पुढच्या साली मले माह्यरी चार दिस जास्त राह्यता येईन."

आठव्या दिवशी गहू वर आला. वखरलेल्या वावरांत अजून काहीच दिसत नव्हतं. तिथे पुढे आला तोही विरळच. इंद्रभानच्या वावरात हिरव्या ओळी उभ्या होत्या, फक्त नाल्याकडच्या अंगाला जरा वाकड्या, आणि खुंटं अडकली होती तिथे हातहातभर जागा रिकाम्या. पंचफुला पदरात हरभरे घेऊन त्या जागा भरायला बसली. तो पुढे विळ्याच्या टोकाने भोक पाडायचा, ती मागून दोन-दोन दाणे टाकायची.

"इथं ओळ काहून वाकली? काय पाहून राह्यले होते?"

"मांगं पाहत होतो. मनकर्णाबाई बी बराबर सोडते का म्हनून."

"अन् मी चाड्यावर असली तर?"

"तवा मांगं पाहा लागत नाई."

पुढच्या भोकात पंचफुलाने दोनाऐवजी चार दाणे टाकले.