टेन्चाचा रकाना

नोंदी ठेवणाऱ्या नर्स उबरलिंदाबाईंच्या हातून अकरा वर्षांत कुणाची एक तारीख सुटली नव्हती. सांतियागोच्या त्यांच्या दवाखान्यात प्रयोग म्हणून पुरुषांच्या दंडात, कातडीखाली, औषधाच्या बारीक नळ्या बसवून पाहत होते. मूल होणं थांबावं, पण पुरुषाचा जोम जाऊ नये, असं ते औषध. नवरा-बायको दोघांची सही असेल तरच प्रवेश. घरी वही ठेवायची आणि बायकोनं आपल्या रकान्यात पाळीची तारीख आपल्याच हातानं लिहायची.

बसड्रायव्हर निबाल्दोच्या दंडात चार नळ्या होत्या. त्याच्या बायकोचं, टेन्चाचं, काळीज अधू. दुसरं बाळंतपण झेपणार नाही, गोळ्याही चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. डेपोतले सोबती त्याला 'बिनबियांचं कलिंगड' म्हणत. तो म्हणे, "गोड लागल्याशी मतलब!" टेन्चा सोबत आली की त्याच्या दंडावर बोट फिरवून मोजायची, "एक, दोन, तीन, चार. एकही पळाली नाही, बाई!"

गेले तीन महिने मात्र तो एकटाच येत होता. टेन्चा म्हणे बहिणीकडे गेली होती.

त्या दिवशी बाईंनी वही उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"निबाल्दो, या बाईची पाळी दीड वर्षात कधी वेळेवर आली नाही. कधी तेवीस दिवस, कधी चाळीस. आणि आता तिन्ही महिने बरोब्बर अठ्ठावीस?"

तो टोपी चुरगाळत राहिला.

"खोटंच लिहायचं होतं, तर निदान तिच्यासारखं लिहायचंस, बाबा. कुठंय ती?"

"ऑगस्टमध्ये गेली. काळजानंच दगा दिला." मग घाईघाईनं, "नळ्या राहू द्या, बाई. तिनं मोजलेल्या आहेत."

बाईंना नियम पाठ होता. जोडी नाही, तर नळ्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

दंड बधिर करून डॉक्टरांनी एकेक नळी ताटलीत ठेवली. भिंतीकडे तोंड करून निबाल्दो पुटपुटत होता. तीनपर्यंत ऐकू आलं. चौथी निघाली तेव्हा ऐकू आलं नाही.

उरला शेवटचा कागद. प्रयोगातून बाहेर पडण्याचं कारण : त्रास झाला, मूल हवं, जोडी तुटली. बाईंचं पेन तिसऱ्या चौकटीवर गेलं.

"ते नका लिहू," तो म्हणाला. "तुटली नाही."

बाईंनी पेन उचललं. चौकट कोरीच ठेवून त्यांनी खाली आपली सही केली.