म्हाताऱ्याच्या गळ्याला पाणी

डोहवाडीत मला सगळे म्हातारा म्हणतात. आहे मी दगड; इंद्रायणीच्या काठचा, काळा, पुरुषभर उंच. मला कुणी घडवलं नाही. नदीनंच आणून टाकलं आणि नदीनंच घासून माझे खांदे गोल केले. यंदा मला उचलून न्यायचं ठरलं होतं. मी गेलो नाही. ते कसं, तेवढं सांगतो.

चाकणहून आळंदीकडे येताना कंपन्यांच्या पत्र्यांमागे आमची वाडी लपते. पन्नास-साठ घरं. पूल नव्हता तेव्हा दत्तोबा होडीनं माणसं पलीकडे न्यायचा आणि होडीचा दोर मला बांधायचा. दोरानं घासून माझ्यावर एक खाच पडली. त्या खाचेला गाव माझा गळा म्हणू लागलं. मग खाली कंबर आली, गुडघे आले, पाय आले.

पायाला पाणी लागलं की धुणं धुणाऱ्या बायका वर सरकत. कंबरेला आलं की होडी बंद. आणि गळ्याला आलं की दत्तोबा ओरडायचा, "म्हाताऱ्याच्या गळ्याला आलं रं!" ती हाक घरोघर पुढं जायची. खालची आळी गुरं आणि पोरं घेऊन भैरोबाच्या टेकाडावर चढायची. बांधावरून ज्यांचं बोलणं बंद होतं, तेही ही एक हाक एकमेकांना देत. पाणी उतरलं की पुन्हा अबोला. अशी आमची वाडी.

पूल झाला. होडी कुजली. दत्तोबा गेला, आणि हाक त्याच्या सुनेकडे, चतुराबाईकडे आली. शेतं कंपन्यांत गेली. खालच्या आळीत भाड्याच्या खोल्या उठल्या. त्यांतल्या एकीत लातूरकडची दिपाली राहायला आली. कंपनीत पॅकिंगला जायची.

एका श्रावणात धरणातून पाणी सोडलं. भरदुपारी चतुराबाईनं हाक दिली. दिपाली वाळत घातलेली साडी ओढून नदीकडं धावत आली. "कुठंय म्हातारा? कुणाचे आजोबा हाईत? साडी टाका, धरा म्हणावं!"

चतुराबाई चिखलात उभी राहून हसली. "अगं बये, आमचा म्हातारा न्हाई बुडत. तू बुडशील! जा, पोरं उचल!"

तासाभरात दिपालीच्या खोलीत शेगडीवरून पाणी गेलं. पोरं मात्र टेकाडावर कोरडी होती. त्या दिवसापासून दिपाली कामावर जाताना आधी माझ्याकडं बघून जाते.

मला न्यायला निघाला तो रणजीत. वाडीचाच पोरगा. लहानपणी माझ्या खांद्यावरून डोहात उड्या मारायचा. त्याच्या टाचा मला अजून आठवतात. आता वाकडला राहतो. नदीकाठची त्याची जमीन भरून तिथं लग्नाचं लॉन करायचं त्यानं ठरवलं. टिपर येऊ लागले. फुटक्या विटा, सिमेंटची ढेकळं, जुन्या फरशा. उन्हाळ्यात, नदीला घोटाभर पाणी नसताना, माझ्या कंबरेपर्यंत राडारोडा आला.

मग एका सकाळी तो जेसीबी घेऊन आला.

"काकू, म्हाताऱ्याला गेटवर मानानं बसवतो," तो चतुराबाईला म्हणाला. "वर लायटिंग करतो."

"गेटवर बसून काय वऱ्हाडाला पुराची वर्दी देणार व्हय त्यो?"

"आता मोबाईलवर मेसेज येतो, काकू."

"मागच्या टायमाला मेसेज आला, तवा आमी टेकाडावर चहा पीत होतो, दादा," कामावर निघालेली दिपाली थांबून म्हणाली.

रणजीतनं हात केला. जेसीबीवरच्या कुलदीपनं बकेट पुढं घेतली. तिचे दात दत्तोबाच्या दोराच्या खाचेत येऊन बसले. मी पुष्कळ पूर पाहिले, पण असं गार कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा दिपाली आळीकडं तोंड करून ओरडली, "म्हाताऱ्याच्या गळ्याला आलं हो!"

कडक ऊन होतं. पण सवय ती सवय. अर्धी आळी पोरं काखेत मारून टेकाडावर चढली. वरून बघतात तर नदी कोरडी. तशीच चिडून खाली आली. "कुणी उठवली आवई? पाणी कुठाय?"

चतुराबाईनं नुसतं माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं. हाक खोटी नव्हती.

माणसं येऊन माझ्याभोवती उभी राहिली. कुलदीपनं मशीन बंद केलं आणि खाली उतरला. "दादा, माझी बी खोली ह्याच आळीत हाय."

"पावसाळा होऊ द्या, मग बघतो," असं म्हणून रणजीत गेला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. तेव्हा बायका घमेली घेऊन येतात आणि माझ्याभोवतीचा राडारोडा उपसतात. कंबर मोकळी झाली. गुडघे निघाले. पाय अजून खाली आहेत, तेही निघतील.

रणजीत, तू परत येणार आहेस, मला ठाऊक आहे. ये बाबा. माझ्या खांद्यावर बस, तुझ्या टाचांची जागा तशीच आहे. पण मला हलवायला येऊ नकोस. हे गाव गेटवर राहत नाही, नदीवर राहतं. माझी जागा इथंच आहे, आणि माझा गळा मोकळा आहे.