कोमट पाणी

"पाणी कोमट लागलं की गळ टाकायचा नाही, आर्डिथ. ओढा आटलाच, तर मासे वर झऱ्याच्या डोहात नेऊन सोड. वचन दे."

वडिलांचं हे बोलणं आठवून आर्डिथ सकाळपासून काठावर येरझारा घालत होती. मोंटानाच्या डोंगरातला त्यांचा ओढा डबक्याएवढा उरला होता. त्यात थंड पाण्यात जगणारा एकच ट्राउट मासा धापा टाकत होता.

"ताई, बाबांची ही गळाला लावायची पिसांची माशी एकदाच टाकतो," धाकटा लाइल म्हणाला. "पकडून लगेच सोडीन!"

"दमलेला मासा या पाण्यात जगेल का रे?"

"मग काय, नुसता बघत बसू?"

तिनं पाण्यात हात घातला. कोमट! लाइलच्या बिअरच्या पेटीतला बर्फ तिनं पाण्याच्या बादलीत ओतला.

"अगं, माझी बिअर!"

मासा अलगद जाळीत घेऊन तिनं बादलीत सोडला आणि बादली उचलून झऱ्याच्या डोहाकडे चढ चढू लागली.